एक जागरूक नागरिक

८ जानेवारी

समोरच्या पायरीवर आज दुपारी चारला चपलांचे अकरा जोड होते. माझ्या पायरीवर तीन. त्यांतला एक माझा, एक शेवंताबाईंचा. शेवंताबाई भुवया करायला येत नाहीत, फरशी पुसायला येतात.

मी मोजत बसत नाही. माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून आहे, म्हणून दिसतं.

समोर म्हणजे ‘शिवानी ब्युटी केअर’. गेल्या दसऱ्याला सुरू झालं. मंगळवार पेठेत एवढ्या गल्ल्या असताना हिला नेमकी माझ्या पार्लरच्या दारासमोरची जागा मिळाली. शिवानी कांबळे मूळची मुरगूडकडची. अठराव्या वर्षी माझ्याकडे कामाला आली तेव्हा तिला साधा दोरा धरता येत नव्हता. केस झाडायचे, टॉवेल धुवायचे, मी स्वतः रंगाने लिहिलेली दरपाटी रोज ओल्या फडक्याने पुसायची, इथपासून सुरुवात. चार वर्षांत भुवया, फेशियल, मेंदी, नवरीचा अंबाडा, सगळं माझ्या हाताखाली शिकली. मी तिला पोटच्या मुलीसारखं वागवलं. तिच्यासाठी वेगळा कप आणला होता, निळ्या दांडीचा. तो दुसऱ्या कुणाला वापरू द्यायचे नाही. कामावरच्या मुलीसाठी एवढं कोण करतं? आणि एके दिवशी म्हणाली, “मॅडम, उद्यापासनं मी येत न्हाय.” का, तर “पुढं शिकायचं हाय.” चार वर्षं शिकवल्यावर आणखी पुढं काय असतं, ते मला अजून समजलेलं नाही.

ह्यांना दूध संघातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तिकडून दरवर्षी डायरी येते. हे तिच्यात काही लिहीत नाहीत. चांगला कागद वाया जाऊ नये म्हणून मी लिहिते.

१३ जानेवारी

मंडळाची बैठक झाली. करवीर सौंदर्य व्यावसायिक मंडळाची मी नऊ वर्षं सचिव आहे, कारण इतिवृत्त नीट लिहिणारी दुसरी कुणी नाही.

विषय एकच. नवा नियम लागू होतोय. पार्लर असो की केस कापायचं दुकान, तिथे सरकारमान्य कौशल्य प्रमाणपत्र असलेली एक तरी व्यक्ती हवी. एका व्यक्तीचं नाव एकाच दुकानाला चालेल. एकतीस मार्चपर्यंत कागद दिला नाही तर परवान्याचं नूतनीकरण नाही. म्हणजे कुलूप.

बायकांनी गलका केला. मी उभी राहून नियमाच्या बाजूने बोलले. डॉक्टरला डिग्री लागते, रिक्षावाल्याला बिल्ला लागतो, मग लोकांच्या तोंडाला हात लावणाऱ्याला काहीच नको? मंडळातर्फे पाठिंब्याचं पत्र जावं असा ठराव मांडला. पाच हात वर आले. बाकीच्या चहाकडे वळल्या. पाच पुरेसे आहेत. उद्या माझ्या सहीने पत्र जाईल.

परत आले तर शेजारच्या सलूनचे गुंडूअण्णा दारात उभे. ह्यांची दाढी-कटिंग तेच करतात.

“मॅडम, तुमी नियमाला टाळ्या वाजवून आलाय म्हणं.”

“नियम चांगला आहे, अण्णा.”

“चाळीस वर्सं लोकांच्या नरड्याला वस्तारा लावतोय. एक बी मेला न्हाय. ह्याच्यापरास मोठं सर्टिफिकेट कुठलं असतंय?”

“ते सरकारला दाखवता येत नाही.”

“तर वो. एखादा मेला असता तर दाखवला असता.”

माझं प्रमाणपत्र अठ्ठावीस वर्षं आरशाच्या वर फ्रेममध्ये आहे. सोनेरी किनार, क्रीमच्या कंपनीचा गोल शिक्का, खाली माझं नाव. मला चिंता नाही. चिंता समोरच्यांना असेल. माझ्याकडून जाताना ती अनुभवाचं पत्र मागत होती. मी दिलं नव्हतं. मग तिच्याकडे कागद कुठला असणार?

आज रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१६ जानेवारी

वॉर्ड ऑफिसच्या पेटीत अर्ज टाकून आले. “आमच्या गल्लीत काही अप्रशिक्षित व्यक्ती पार्लर चालवीत असून महिलांच्या त्वचेस धोका संभवतो. तरी गल्लीतील सर्व पार्लर व केशकर्तनालये यांची प्रमाणपत्रे नियमाप्रमाणे तातडीने तपासावीत, ही विनंती.” खाली ‘एक जागरूक नागरिक’.

नाव घातलं नाही. नाव घातलं की लोक म्हणणार, धंद्यापोटी लिहिलं. हा धंद्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. ‘सर्व’ हा शब्द मी विचार करून घातला. एकीचंच नाव घेतलं असतं तर लिहिणारं कोण ते लगेच कळलं असतं. अक्षरसुद्धा नेहमीचं काढलं नाही. सगळं डावीकडे झुकवलं.

२४ जानेवारी

हळदीकुंकवाचे दिवस. समोर चौदा जोड. दोन बायका तर पायरीखाली उभ्या होत्या.

मोना, म्हणजे आमची सून, आज उजळ दिसत होती. काय लावलंस विचारलं तर म्हणाली, “पपई, आई.” पपईने एवढा फरक पडत असेल तर मी अठ्ठावीस वर्षं उगाच फेशियल केलं.

२९ जानेवारी

वॉर्ड ऑफिसचे निरीक्षक आले होते. आधी गुंडूअण्णांकडे गेले, मग समोर, मग माझ्याकडे. समोर वीस मिनिटं होते. मी खिडकीतून पाहत होते. बाहेर पडताना ते हसत होते आणि शिवानी त्यांना पायरीपर्यंत पोचवायला आली होती. मला वाटलं, रडून पाया पडली असेल.

मग माझ्याकडे. फ्रेम खाली काढून दिली. त्यांनी पालथी केली, सुलटी केली.

“बाई, हे एका कंपनीचं आहे.”

“मोठी कंपनी आहे.”

“असेल हो. पण पंधरा दिवसांचा वर्ग दिसतोय. सरकारमान्य नाही हे. ह्याच्यावर नाही चालणार.”

“मी बी.ए. आहे. एकोणनव्वद सालची.”

“कशात?”

“अर्थशास्त्र.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं. नोटीस लिहून दिली आणि सोबत तक्रार अर्जाची झेरॉक्स जोडली. गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला एकेक प्रत दिली आहे म्हणे. माझीच तक्रार मला पोच म्हणून सही करून घ्यावी लागली. सही नेहमीच्या अक्षरात केली.

शिवानीकडे काय निघालं ते गुंडूअण्णांनी न विचारता सांगितलं. माझ्याकडून गेल्यावर आयटीआयचा वर्षाचा कोर्स, मग शिकवणाऱ्यांसाठी असतो तो पुढचाही. तिच्याकडे दोन कागद आहेत. एक पुरला असता. दोन कशाला लागतात माणसाला?

“मॅडम,” अण्णा म्हणाले, “ह्यो जागरूक नागरिक कोण घावला पायजे. हजामत करतो त्येची. बिनपाण्याची.”

मी म्हटलं, “असेल कुणी रिकामटेकडा.”

२ फेब्रुवारी

उपाय आहे. ज्यांना अनुभव आहे पण कागद नाही त्यांच्यासाठी एक परीक्षा असते. तोंडी आणि प्रात्यक्षिक. कळंब्याच्या रस्त्याला एका हॉलमध्ये, तेवीस तारखेला, सोमवारी, कारण सोमवारी सलूनची सुटी. गुंडूअण्णांनी आणि मी दोघांनीही फॉर्म भरला. त्यांचा मीच भरून दिला. ‘शिक्षण’ या रकान्यात त्यांनी “चौथी, पण चांगल्या मार्कांनी” असं लिहायला सांगितलं.

नियमावली दोनदा वाचली. बहुतेक सोपं आहे. एक कलम मात्र विचित्र आहे. थ्रेडिंग करताना दोरा तोंडात धरायचा नाही. थुंकी लागते म्हणून. दोऱ्याचं एक टोक मानेभोवती अडकवायचं. मी सगळं आयुष्य दोरा दातात धरून काम केलं. वरच्या पुढच्या दाताला दोऱ्याने बारीक खाच पडली आहे, दातांचे डॉक्टर ती पाहून विचारतात, शिवणकाम करता का. आता मान म्हणजे काय धरायचा अवयव आहे?

दुसरी अट, प्रात्यक्षिकासाठी बाई आपणच न्यायची आणि तिच्या भुवया निदान महिनाभर वाढलेल्या हव्यात. त्याची अडचण नाही. घरात मोना आहे, गावातच धाकट्या जाऊबाई आहेत. मोनाच्या भुवया मी दिवाळीत केल्या होत्या.

३ फेब्रुवारी

कामाला हात लागत नाही.

सकाळी मोनाला खिडकीशी बसवलं आणि हनुवटी वर केली. भुवईखालची वाढ पाहून मी तारीख सांगू शकते, बायका माझी परीक्षा घ्यायच्या. मोनाच्या भुवईखाली बोट फिरवलं. गुळगुळीत. फार तर आठ दिवस.

“कुठे केल्यास?”

“घरीच, आई. चिमट्यानं.”

चिमट्याने अशी कमान निघत नाही. टोकाला किंचित खाली झुकवलेली, मध्ये एक केसही तुटलेला नाही. ही कमान मी ओळखते. माझीच आहे. मी एकाच मुलीला ती शिकवली होती, तिची बोटं माझ्या बोटांत धरून, तीन महिने.

“दिवाळीपासून किती वेळा गेलीस?”

मोना रडायला लागली. “तिथं बोलता येतं हो आई. तुम्ही खुर्चीत बसलं की गप्प बसा म्हणता.”

थ्रेडिंग करताना गप्पच बसायचं असतं. कातडी हलते.

दुपारी जाऊबाईंना फोन केला, येऊन जा म्हटलं. आल्या. त्यांचीही कमान तीच. माझ्या घरातल्या प्रत्येक बाईच्या कपाळावर माझाच हात आहे, आणि तो मी फिरवलेला नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “संयोगिता, मग चांगलं शिकवलं होतंस की तू.” हे सांत्वन होतं की टोमणा, ते ठरवता आलं नाही. पस्तीस वर्षांत कधीच आलेलं नाही.

९ फेब्रुवारी

शेवंताबाईंना विचारलं. उभ्या जन्मात भुवयांना दोरा लावलेला नाही, म्हणजे वाढीचा प्रश्नच नाही. त्या फरशीवरून उठल्याच नाहीत.

“माझ्या भुवया? या वयात? नवऱ्यानं सोडलं तवा केल्या असत्या तर उपेग तरी झाला असता.”

“दहा मिनिटांचं काम आहे.”

“दुखतंय का पर?”

“अजिबात नाही.”

“मग सगळ्या बाया डोळ्यातनं पानी काढत का बसत्यात?”

शेवटी ये-जा रिक्षाने आणि जेवण माझ्याकडे, एवढ्यावर तयार झाल्या.

१४ फेब्रुवारी

शिवानी आली होती. दार वाजवून आत आली आणि दाराशीच उभी राहिली. अंगात बरा शिवलेला ड्रेस, केस मागे बांधलेले, हातात मोबाइल नाही. मी बस म्हटलं नाही. गिऱ्हाईक नव्हतं, तरी टॉवेल घड्या करत राहिले.

“मॅडम, परीक्षेला बसताय असं कळलं.”

“गल्लीत सगळंच सगळ्यांना कळतं.”

“मानेच्या थ्रेडिंगचं बघा. त्यातच लई जणी नापास हुत्यात. तेवढं एक चुकलं की बाकीचं कितीबी चांगलं असू दे, पास करत न्हाईत. दोन दिवस माझ्याकडं या, नायतर मी हितं येते. दाखवते. हाताला सवय लागायला येळ लागतो.”

मी तिला विचारलं, “कुणाला कुणी दोरा धरायला शिकवलं?”

“तुम्ही मला.”

“मग?”

ती थोडा वेळ दरपाटीकडे पाहत राहिली. दरपाटी आहे तिथेच आहे, फक्त हल्ली कुणी पुसत नाही. मग म्हणाली, “बरं,” आणि गेली.

मला शिकवायला आली. माझ्या दुकानात, माझ्याच आरशासमोर. तेव्हा तिच्या पायरीवर नऊ जोड वाट पाहत होते, ते सोडून आली होती. गल्लीला दाखवायला, दुसरं काय.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी मानेचं तंत्र शिकते आहे. उशीवर सराव केला. उशीला त्रास होत नाही.

२३ फेब्रुवारी

झाली परीक्षा. सगळं क्रमाने लिहिते.

रिक्षात मी, शेवंताबाई आणि गुंडूअण्णा. अण्णांनी कपाळाला अष्टगंध लावला होता आणि आपल्या प्रात्यक्षिकासाठी भाच्याला आठ दिवस दाढी करू दिली नव्हती. भाचा वेगळा, सायकलवरून आला. शेवंताबाईंनी नवी साडी नेसली होती. “फोटू काढत्यात का?” म्हणून दोनदा विचारलं.

हॉलमध्ये चाळीसेक जण. शिवानीही होती. तिच्याकडे काम करणाऱ्या दोन मुली परीक्षेला बसल्या होत्या, त्यांच्याबरोबर आलेली. मुली तिच्याकडे असं पाहत होत्या की जणू तिने डोळ्यांनीच त्यांना पास करावं. माझ्याबरोबर कामाची मुलगी नाही. ठेवली की शिकते आणि जाते.

तोंडी परीक्षा उत्तम. पुण्याहून आलेला परीक्षक, पंचविशीचा असेल. निर्जंतुकीकरणाचे तीन प्रकार विचारले, मी चार सांगितले. त्वचेचे थर, ॲलर्जीची चाचणी, सगळं घडाघडा. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही शिकवायला हवं.” शिवानी ऐकण्याएवढी जवळ होती. निदान असावी.

मग प्रात्यक्षिक. दोरा मानेत अडकवला. हात धुतले, दाखवले. शेवंताबाईंच्या डाव्या भुवईपासून सुरुवात. पहिला हात मारला आणि शेवंताबाई हॉल हादरेल अशा ओरडल्या, “आगं आई मेले! मॅडम, न्हाय दुखत म्हणाला हुता की!”

लोक हसले. मी म्हटलं, हलू नका. दुसरा हात मारला. मानेला दोरा काचला, ताण बसला नाही, केस निघायच्या ऐवजी कातडीच ओढली. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. “जनावराला बी सांगून डागणी देत्यात.” पुन्हा हसू. साठ वर्षांच्या भुवया, दाट, राठ. एक बाजू अर्धी झालेली, दुसरी तशीच, घड्याळात सहा मिनिटं शिल्लक. अशी बाई खुर्चीत बसली की काय करायचं ते मला माहीत आहे. डावा हात कपाळावर घट्ट ठेवायचा, जवळ वाकायचं आणि झटपट उरकायचं. तसंच केलं. चार मिनिटांत दोन्ही भुवया झाल्या, इतक्या सुंदर की शेवंताबाई आरसा सोडेनात. बायका बघायला जमल्या.

परीक्षक म्हणाला, “मॅडम, दोरा.”

दोरा माझ्या दातात होता. कधी घेतला, मला माहीत नाही.

शिवानी भिंतीकडे पाहत होती. मला पाहून हसली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी

निकाल मोबाइलवर आला. गुंडूअण्णा पास. त्यांना स्वच्छतेत एवढंच होतं, नव्या ब्लेडचं पाकीट परीक्षकासमोर फोडायचं, वापरून झालं की मोडून डब्यात टाकायचं. “हे मी ते एडसचं आलतं तवापास्नं करतोय,” म्हणाले. शिवानीच्या दोन्ही मुली पास. मी, आरोग्य व स्वच्छता, अनुत्तीर्ण. बाकी सगळ्या विषयांत पहिल्या वर्गाचे गुण. फेरपरीक्षा जूनमध्ये. परवाना एकतीस मार्चला संपतो.

अण्णांनी पेढे वाटले. मी एक घेतला. शेवंताबाईंना त्या नव्या भुवयांवरून तीन घरी विचारलं म्हणे, कुठे केल्यास.

“मग काय सांगितलंत?”

“मॅडमनी केल्या म्हनलं. पर नापास झाल्या.”

११ मार्च

मंडळात ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांना सगळ्यांना फोन केले. नूतनीकरणाच्या फॉर्मवर ‘प्रमाणित व्यक्तीचे नाव’ असा रकाना आहे, तेवढा भरायचा आहे, जूनपर्यंत. कुणाचं नाव स्वतःच्या दुकानाला लागलेलं, कुणी बाहेरगावी. एकीने स्पष्ट सांगितलं, “नियमाला पाठिंब्याचं पत्र तुमच्या सहीचं गेलंय ना, मग भोगा.” मी तिचा फोन ठेवला नाही. तिने ठेवला.

हे म्हणाले, “गुंडूअण्णांचं नाव घाल की.”

“लेडीज पार्लरला पुरुषाचं नाव?”

“मिशा तर बायकांच्यापण काढता तुम्ही.”

मी पानावरून उठले.

२६ मार्च

हे आज सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, “शिवानीच्या दोन मुली पास झाल्या. तिचं दुकान आता त्यांच्या नावावर चालू शकतं. तिचं स्वतःचं नाव मोकळं आहे.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तिनं सांगितलं. भाजी आणायला जाताना बोलतो मी. गल्लीत बोलायला अजून लायसन्स लागत नाही.”

“माझ्या नावाने माझ्याच नवऱ्याला निरोप देते?”

“निरोप नाही दिला. मी विचारलं, तिनं सांगितलं. पुढचं ती म्हणाली, ते मॅडमनी स्वतः विचारावं.”

कुलूप लावेन, पण तिच्या दारात जाणार नाही. अठ्ठावीस वर्षं हे दुकान एकटीच्या नावावर चाललं.

समोर आज आठ.

३० मार्च

गेले.

दुपारी गर्दी नसेल म्हणून दोनला गेले, तर तिथे दोनलाही गर्दी. खुर्चीत एक बाई, बाकावर दोन. शिवानीने मान वर करून पाहिलं. “बसा, मॅडम. हातातलं झालं की आलेच.” दोरा तिच्या मानेत होता आणि हात असा चालत होता की दोऱ्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी बाकावर तिसरी. वाट पाहणाऱ्या दोघी मला ओळखत होत्या. एक पूर्वी माझ्याकडे यायची. तिने मासिक उघडलं.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी दोन प्रमाणपत्रं, खाली तिची दरपाटी. सुबक छापलेली. जमीन स्वच्छ. कोपऱ्यात केस नाहीत. मी मुद्दाम पाहिलं.

पाऊण तास बसले. ती मला आधी घेऊ शकली असती. घेतलं नाही. मीही कधी कुणाला नंबर सोडून घेतलं नव्हतं.

मग तिने मला आतल्या खोलीत नेलं. मी फॉर्म पुढे ठेवला. विनंतीची वाक्यं घरी ठरवली होती, ती आठवेनात. एवढंच म्हटलं, “नाव हवंय. जूनपर्यंत.”

“देते की,” ती म्हणाली. पेन काढलं. मग खण उघडून एक कागद माझ्यापुढे ठेवला. झेरॉक्स. डावीकडे झुकवलेलं अक्षर.

“मी तुमच्या कागदावर नाव देते. तुम्ही ह्याच्यावर द्या.”

“हे मी लिहिलेलं—”

“मॅडम, तुमची दरपाटी मी चार वर्सं रोज पुसलीय. तुमचं अक्षर कुठल्याबी बाजूला झोपवा, मला कळतंय.”

मी झेरॉक्स पालथी घातली.

“हे घेऊन तू काय करणार?” मी विचारलं.

“काय न्हाय. वॉर्ड हापिसात देणार न्हाय. गुंडूअण्णांना बी सांगणार न्हाय, नायतर ते वस्तारा घेऊन येतील. मला निस्तं बघायचं हाय. माझ्यावर जे लिवलं त्याखाली माणसाचं नाव असू दे. नागरिकाचं नको.”

“‘सर्व’ असं लिहिलं होतं मी.”

“व्हय. म्हणून तर अडकला.”

मी सही केली. संयोगिता विजयसिंह खराडे. तारीख घातली. सही जरा वाकडी आली, टेबल नीट नव्हतं. तिने कागद उचलून वाचला, अख्खा, वरपासून खालपर्यंत, आणि घडी करून खणात ठेवला. मग माझ्या फॉर्मवर सही केली. तिचं अक्षर सरळ आहे. ते मी शिकवलेलं नाही.

“उद्या सकाळी साडेनऊला या,” ती म्हणाली, “मानेचं दाखवते. जूनला वेळ हाय, पर सवय लागली पायजे. आन् उशीर करू नका, धाला माझी गिऱ्हाईकं सुरू हुत्यात.”

असं बोलणं तिने कुणाकडून उचललं, कोण जाणे.

२ एप्रिल

परवाना मिळाला. आरशाच्या वर आता तिचं प्रमाणपत्र आहे, फोटोसकट. सत्यप्रत, पण रंगीत. नियमाप्रमाणे ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लावावं लागतं. माझी सोनेरी किनारीची फ्रेम काढून तिथेच लावलं, कारण खिळा एकच होता. दिवसभर ती माझ्या डोक्यावरून दुकानाकडे पाहत असते. फोटोत बरी दिसते. उजेड चांगला असावा.

मोना सकाळी माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि बोलत राहिली. मी गप्प बस म्हटलं नाही. मानेचा दोरा तीनदा तुटला.

दुपारी राजारामपुरीकडच्या एक बाई आल्या, नव्या. खुर्चीत बसल्या आणि वर पाहिलं.

“ह्या तुम्ही नाही.”

“नाही. ह्या शिवानी कांबळे. ह्यांच्या नावावर हे पार्लर चालतं.”

“मग त्या कुठायत?”

खोटं बोलता आलं असतं. जेवायला गेल्यात, गावाला गेल्यात.

“समोर,” मी म्हटलं.

बाई उठल्या, पर्स घेतली, आणि सरळ रस्ता ओलांडून समोर गेल्या. मी खिडकीतून पाहत राहिले. तिच्या पायरीवर सहाचे सात जोड झाले.

पाच मिनिटांनी बाई परत आल्या. पर्स ठेवली, खुर्चीत बसल्या आणि मान मागे टेकवली. हिने गिऱ्हाईक परत पाठवलं. आयतं चालत आलेलं, नवं गिऱ्हाईक. अठ्ठावीस वर्षांत मी एकही बाई कधी कुणाकडे पाठवलेली नाही. तिला परवडतं हे, आणि मला तेच सहन होईना. दोरा तोडून घेतला, मानेत घातला, टोक बोटांना गुंडाळलं.

“कशा करू?” मी विचारलं. “जाड की बारीक?”

बाईंनी डोळे मिटले होते.

“त्यांनी सांगितलंय, मॅडम ठरवतील तशा.”